पुढचा दगड

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा पीठ घरोघरी जात्यावर दळले जाई आणि माणसांना पहाटेची जाग जात्यांच्या घरघरीने येई. ती जाती ज्या गावात घडत, त्या गावाची ही गोष्ट.

गाव एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी होते. गावात सगळे पाथरवट. डोंगराचा दगड फोडायचा, त्याला टाकी लावायची आणि त्यातून जाती, पाटे, वरवंटे, उखळी घडवायच्या, हेच बायकांचे आणि पुरुषांचे काम. दिवसभर टाक्यांची टकटक चाले. परक्या माणसाला दुरून वाटे, एकाच झाडावर शेकडो सुतारपक्षी बसले आहेत.

दगड घडे, तशी त्याची भुकटी उडे. ती पापण्यांवर बसे, भाकरीवर बसे आणि श्वासाबरोबर छातीतही जाई. तोंडाला ओले फडके बांधले तरी थोडी जाईच. त्यामुळे त्या गावात केस पांढरे होण्याआधीच माणसाला चढावर धाप लागे.

म्हणून गावच्या पूर्वजांनी एक रीत घालून दिली होती. सकाळी हातात टाकी घेण्याआधी सगळ्यांनी गावाबाहेरच्या मोकळ्या कातळावर जमायचे. तिथे वारा डोंगराच्या पलीकडून येई आणि त्यात भुकटी नसे. पाठ ताठ ठेवायची, खांदे सैल सोडायचे, हात पोटावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. फुलाचा वास घ्यावा तसा नाकाने हळूच श्वास आत घ्यायचा. छाती वर उचलायची नाही, पोट भरू द्यायचे. मग ओठांचा लहानसा चंबू करायचा आणि गरम पेज फुंकून गार करावी तसा तो श्वास सावकाश सोडायचा.

"फुंकर अशी हवी, की पेज गार व्हावी पण वाटीतून सांडू नये," असे तिथल्या आया मुलांना शिकवीत.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडायचा, तर खूण हवी. त्यासाठी एक माणूस तांब्याचे वाकडे शिंग घेऊन सगळ्यांसमोर उभा राही. शिंग वाजू लागले की श्वास सोडायला लागायचे. शिंग थांबले की शांतपणे आत घ्यायचा. ऊन पाठीवर येईपर्यंत हे चाले, आणि मग लोक कामाला जात.

या रीतीने छातीतली भुकटी काही निघून जात नसे. पण ओझे घेऊन चढताना माणूस मध्येच बसत नसे. खोकल्याची उबळ आली तर घाबरत नसे. भांडण तोंडाशी आले, की समोरचाच म्हणे, "अरे, आधी पेज फुंक आणि मग बोल," आणि अर्धे भांडण तिथेच गार होई. उरलेल्या श्वासात नीट कसे राहायचे, ते त्या गावाला ठाऊक होते.

आता शिंगाचा सूर किती लांब लावायचा? त्याचाही नियम होता. शिंग फुंकणाऱ्याच्या अगदी समोर, सगळ्या ओळींच्या पुढे, एक सपाट दगड होता. ज्याचा दम गावात सर्वांत कमी, त्याने त्या दगडावर बसायचे. त्याचा श्वास संपून ओठ मिटले, की शिंग त्याच क्षणी थांबवायचे. म्हणून कातळावर सगळ्यांचे डोळे मिटलेले असत. एकट्या शिंग फुंकणाऱ्याने मात्र ते उघडे ठेवायचे.

पुढच्या दगडावर बसण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. कधी तापातून उठलेले मूल बसे, कधी दिवस गेलेली बाई. "आज माझा मान," असे म्हणत माणूस हसत पुढे जाई.

त्या काळी शिंग एका म्हाताऱ्याकडे होते. तरुणपणी त्याच्याइतकी भरदार छाती आसपासच्या कुठल्याच गावात नव्हती. त्याने मनात आणले असते, तर सूर डोंगर ओलांडून गेला असता. पण पुढच्या दगडावरच्या श्वासापेक्षा लांब सूर त्याने जन्मात कधी लावला नाही.

त्याला एकच मुलगी होती. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. बापानेच तिला वेणी घालायला शिकवली, टाकी धरायला शिकवली आणि शिंगही.

एका सकाळी शिंग फुंकताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. समोरच्या माणसाचे ओठ अजून मिटले नव्हते, आणि त्याचा स्वतःचा श्वास मात्र संपला होता. त्याने सूर कसाबसा सांभाळला. कुणाला काही कळले नाही. घरी येऊन त्याने चिंच लावून शिंग लख्ख घासले आणि मुलीच्या हातात दिले.

"उद्यापासून तू," तो म्हणाला.

"मी? आणि बाबा, तुम्ही काय करणार?"

"मी डोळे मिटून बसणार. जन्मभर उघडे ठेवले, आता मिटू देत जरा."

मुलगी हसली. मग तो तिला म्हणाला, "एवढंच ध्यानात ठेव. शिंगाकडे बघायचं नाही, डोंगराकडे बघायचं नाही. समोरच्या ओठांकडे बघायचं."

दुसऱ्या दिवशी म्हातारा कातळावर आला. आता आपली जागा कोणती, हे त्याला नीट माहीत होते. तो पुढच्या दगडापर्यंत गेलाही. तिथे एक म्हातारी बसली होती. सगळे गाव तिला आत्या म्हणे. तिच्या छातीतून श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येई.

तिने त्याच्या छातीकडे कान केला. "ये ये," ती हळूच म्हणाली. "तुझ्याही छातीत वाजायला लागलं वाटतं. दगड रुंद आहे, दोघं मावू."

"तुझं शिंग तूच वाजव, आत्ये," म्हातारा म्हणाला, आणि हसत हसत पार शेवटच्या ओळीत जाऊन बसला.

या दगडाची लाज धरू नका, असे तो लोकांना जन्मभर सांगत आला होता. पण ज्या दगडासमोर तो जन्मभर उभा राहिला, त्यावर बसायची वेळ आली तेव्हा त्याचे पाय पुढे झाले नाहीत. आत्याने ते ओळखले. पण हे त्याचे त्यानेच लेकीला सांगावे, असे तिला वाटले आणि ती गप्प राहिली.

सुरुवातीला मुलीने बापाचे सांगणे अक्षरशः पाळले. तिची नजर आत्याच्या ओठांवरून हलत नसे. आत्याचे ओठ मिटले, की शिंग थांबे. शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही तो सूर सोसे. आत्याच्या आडून लेक आपल्यालाच सांभाळते आहे, असे त्याला वाटे. तो मनातून सुखावे आणि आपले दुखणे सांगायचे पुढे ढकली.

एकदा जाती न्यायला दूरच्या बाजारपेठेतले व्यापारी बैलगाड्या घेऊन आले. सकाळी त्यांनी शिंग ऐकले. त्यांच्यातला एक जण गाडीच्या जुवावर बसून दात कोरत होता. तो म्हणाला, "एवढंच? आमच्या गावचं शिंग सुरू झालं, की बैल पाणी पिऊन मान वर करतो तरी वाजतच असतं. हे तुमचं शिंग म्हणावं की शिंक? आली आणि गेली!"

व्यापारी हसले. गावातले दोन-चार तरुणही ओशाळून हसले. मुलीचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी तिने सूर किंचित लांबवला. आत्याचे ओठ मिटले, तरी शिंग थोडे पुढे वाजत राहिले.

आत्याने एक डोळा उघडला. "अगं, पेज सांडली की," ती म्हणाली.

"चुकून झालं गं, आत्या," मुलगी म्हणाली.

पण ते चुकून झाले नव्हते. त्या लांब सुराने डोंगरातून हाक परत आणली होती, आणि ती तिने ऐकली होती. एकदा ऐकल्यावर तिला ती रोज ऐकावीशी वाटू लागली.

सूर वाढत गेला. तरुणांना ते आवडले. कातळावरून उतरताना ते एकमेकांना विचारू लागले, "आज शेवटापर्यंत पुरला का तुझा दम?"

"पुरला म्हणजे? उरला!"

"थापा मारू नकोस. तोंड कुंकवासारखं लाल झालं होतं तुझं."

श्वास हळू सोडायचा असतो, हे मागे पडले. तो पुरवायचा कसा, याचीच चर्चा होऊ लागली. कुणी आत घेताना खांदे कानांपर्यंत उचली, कुणी घशातच श्वास अडवून धरी. ज्याचा दम आधी संपे, तो ओठ तसेच ठेवून उगीच बसून राही. आणि पुढच्या दगडाला एका वात्रट तरुणाने नाव ठेवले, "खोकल्याचा पाट." लोक त्यालाही हसले.

एके सकाळी आत्या मध्येच काठी टेकत उठली. मुलीने शिंग खाली घेतले.

"का गं, आत्या?"

"तुझा सूर चांगला आहे, पोरी," आत्या म्हणाली. "पण त्यात मला जागा नाही." आणि ती हळूहळू घरी निघून गेली.

मुलीला वाईट वाटले. संध्याकाळी आत्याकडे जाऊ, असे तिने ठरवले. संध्याकाळी जात्याची एक तळी, म्हणजे खालचा दगड, पुरी करायची राहिली होती, म्हणून जाणे झाले नाही. दुसऱ्या दिवशी पुढचा दगड रिकामा होता. त्यानंतरही तो रिकामाच राहिला, कारण आता तिथे बसायची सगळ्यांनाच लाज वाटत होती. बघायला समोर कुणाचे ओठच उरले नाहीत, तेव्हा मुलीनेही डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की सूर आणखी लांब लागे.

आता कातळावर सगळ्यांचेच डोळे मिटलेले होते.

शेवटच्या ओळीत म्हातारा रोज बसत होता. त्याने तोंड बाजूला वळवून मध्येच उसना श्वास घेतला असता, तरी कुणाला कळले नसते. पण लेकीचा सूर असा अर्ध्यावर सोडून द्यायचा, हे त्याच्या जिवाला पटेना. तो पोट आत ओढून ओढून शेवटचा कणही त्या सुरामागे पाठवी. त्याचे ओठ निळसर होत. हाताची बोटे गार पडत. कातळ उतरताना तो सगळ्यांच्या मागे राही, आणि कुणी वळून पाहिले तर चपलेतला खडा काढत असल्याचे दाखवी.

एकदा जेवताना त्याने लेकीला विचारले, "पुढच्या दगडावर हल्ली कोण बसतं?"

"कुणीच नाही, बाबा," ती उत्साहाने म्हणाली. "गावात आता कमी दमाचं कुणी राहिलंच नाही."

म्हाताऱ्याच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. 'मी आहे' हे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण लेकीचा चेहरा इतका उजळला होता, की त्याने ते भाकरीबरोबर गिळून टाकले. उद्या सांगू, असे त्याने मनाशी म्हटले.

आणि तिने वर पाहिले असते, तर तिला दिसले असते की बाप घासागणिक थांबून दम घेतो आहे. पण ती उद्याच्या सुराचा विचार करत होती.

मग हत्यारांच्या पूजेचा दिवस आला. त्या दिवशी टाक्या आणि घण धुऊन, हळदकुंकू लावून मांडायचे, अशी गावाची प्रथा होती. व्यापारी पुन्हा आले होते. शिंकेची थट्टा करणारा तोही होता. आज त्याला उत्तर द्यायचे, असे मुलीने ठरवले होते.

तिने डोळे मिटले आणि शिंग ओठांना लावले. सूर निघाला. तो कातळावरून गेला, डोंगराला लागला, परत आला, तरी मागचा सूर चालूच होता. बैलांनी माना वर केल्या. व्यापाऱ्याने दात कोरायची काडी तोंडातून काढली. एकेक करून लोकांचे श्वास संपले. ते डोळे उघडून तिच्याकडे पाहू लागले. सगळ्यांनी सूर सोडून दिला, तरी एक जण रित्या छातीतून शेवटचा कण तिच्या सुरामागे पाठवतच होता. ते कुणाला ऐकू आले नाही.

शिंग थांबले. कातळ दणाणून उठला. तरुणांनी फेटे उडवले. "आता बोल, शिंक का शिंग?" कुणीतरी व्यापाऱ्याला विचारले, आणि तो कानाला हात लावून हसला.

लोक उठू लागले. ओळी मोडल्या. माणसे बाजूला झाली, तसा शेवटच्या ओळीपर्यंतचा कातळ मुलीला दिसू लागला. तिथे एक जण उठला नव्हता. तो एका कुशीवर कलंडला होता, आणि त्याच्या ओठांचा चंबू अजून तसाच होता.

"बाबा!"

तिच्या हातून शिंग सुटले. ते कातळावर आपटत खाली गेले, पण तिने वळून पाहिले नाही.

म्हाताऱ्याचा प्राण गेला नव्हता. लोकांनी त्याला घरी आणून, पाठीमागे कांबळ्यांचा ढीग लावून बसते केले, कारण आडवे झाले की त्याचा जीव घुसमटे. वैद्याने नाडी पाहिली. तो म्हणाला, "भुकटी तर छातीत होतीच. पण अशी छाती जपून वापरायची असते. ही कुणीतरी रोज पिळून काढली आहे."

 वैद्य गेल्यावर मुलगी बापाजवळ बसली.

"बाबा, तुम्ही पुढच्या दगडावर का नाही बसलात?"

तो थांबत थांबत बोलला. "लाज वाटली गं. लोकांना सांगणं सोपं होतं." मग दम घेऊन म्हणाला, "आणि मी पुढे बसलो असतो, तर तुझा सूर आखूड झाला असता."

"झाला असता तर झाला असता!" ती रडू लागली. "मला तुम्ही हवे होतात. सूर काय करायचाय मला?"

"ते तेव्हा तुला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "आणि मलाही."

तिने त्याच्यासाठी पेज केली. गरम वाटी हातात धरून ती फुंकर घालू लागली. हळू, सावकाश, वाटीतला एक थेंबही सांडू न देता. फुंकर घालताना तिचे डोळे बापाच्या ओठांवर होते. त्याने ओठ उघडले, की ती थांबे आणि घोट पाजी. त्याने मिटले, की पुन्हा हळू फुंके. तिच्या फुंकरीबरोबर त्याचाही श्वास हळूहळू सुटू लागला. बऱ्याच दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले.

"आत्ता बरोबर फुंकलंस," तो म्हणाला.

त्यानंतर ती दिवसचे दिवस त्याच्याजवळ बसून राहिली. तो श्वास घेई तेव्हा तीही घेई, आणि त्याचा संपे तिथेच आपलाही थांबवी. पण जी छाती रोज रिती केली होती, ती पुन्हा भरली नाही. एका सकाळी ती आपला श्वास थांबवून त्याच्या पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिली, आणि तो आला नाही.

गाव पुन्हा कातळावर जमले, तेव्हा मुलगी शिंग न घेताच आली. शिंगाला पडल्याचा पोचा आला होता, ते तिने घरी ठेवले होते. लोक बसले. पुढचा दगड रिकामा होता. ती कातळ उतरली आणि आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आत्या, चल."

"आता कशाला?" आत्या आतूनच म्हणाली.

 मुलगी उंबऱ्याशी खाली बसली. बऱ्याच वेळाने आत्या काठी घेऊन बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "मला त्याचं कळलं होतं गं," ती म्हणाली. "मी तरी कुठे बोलले? चल, हात दे."

आत्या पुढच्या दगडावर बसली. मुलीने घरून शिंग आणले आणि ते ओठांना लावले. डोळे उघडे ठेवले. आत्याचे ओठ मिटले, तसा सूर थांबला. तो इतका आखूड होता, की डोंगराकडून हाक परत आली नाही. पोचा आल्यामुळे तो थोडा फाटकाही होता. "खोकल्याचा पाट" म्हणणारा तरुण मान खाली घालून बसला होता. कुणीही हसले नाही.

त्या दिवसापासून गावात एक नवी रीत पडली. शिंग फुंकणाऱ्याने ते उचलण्याआधी पार शेवटच्या ओळीपर्यंत चालत जायचे, प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहायचे, आणि मगच आपल्या जागेवर यायचे. मुलगी म्हातारी होईपर्यंत रोज तशी चालत गेली. तिने पुढे पुष्कळांचा श्वास सांभाळला. पण शेवटच्या ओळीत एका जागेपाशी तिचे पाय रोज थांबत. तिथे पाहायला कुणी नसे.

तात्पर्य: श्वास चढाओढीसाठी नसतो, ज्याचा दम कमी असेल त्याने तो लपवू नये, आणि ज्याचा जास्त असेल त्याने डोळे मिटू नयेत.